बंप स्टॉकची केस समजून घ्यायचीय? अमेरिकन सुप्रीम कोर्टाची वेबसाईट बघा
बंप स्टॉक म्हणजे रायफलला लावायचा एक भाग, ज्यानं गोळ्या भराभर सुटतात. तो लावलेली रायफल मशीनगन ठरते का, या वादाची गारलंड विरुद्ध कारगिल ही केस नीट कळायला हवी असेल तर बातम्या सोडा आणि थेट अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या वेबसाईटवर जा, २८ फेब्रुवारी २०२४ चा अख्खा युक्तिवाद तिथे फुकट ऐकायला मिळतो, लॉगिनची भानगडच नाही. १४ जूनचा निकाल पण आहे, ६ विरुद्ध ३, आणि बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या जस्टिस थॉमसनी त्यात ट्रिगरच्या आतल्या भागांची चक्क चित्रं टाकलीयेत, हॅमर (गोळी उडवणारा आतला भाग) कसा सुटतो ते स्पष्ट दिसतं. ट्रिगरच्या एका क्रियेला एकच गोळी, म्हणून बंप स्टॉक लावलेली रायफल मशीनगन नाही असं त्यांचं म्हणणं. मला अजिबात नाही पटलं, २०१७ ला लास वेगासमध्ये हेच वापरून माणसं मारली ना! जस्टिस सोटोमायॉर बाईंचं विरोधी मत त्याच पीडीएफमध्ये शेवटी आहे, ते नक्की वाचा.