जुळे सोलापूर : अपार्टमेंटच्या गच्चीवरचं सोलर, वर्षभर वापरून

सोलर बसवून कसं वाटतंय असं बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच लिहून टाकतो. आमची 12 फ्लॅटची अपार्टमेंट. मागच्या मार्चमध्ये गच्चीवर 5 किलोवॉटचं सोलर बसवलं, घरांसाठी नाही, कॉमन मीटरसाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याची मोटार, जिन्यातले अन् पार्किंगमधले दिवे. बसवणाऱ्याचं नाव टाकत नाही, माणूस वाईट नाही, पण पुढं वाचा.

पैसे गोळा करणं हेच खरं काम होतं. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले आम्ही लिफ्ट वापरतच नाही, आम्ही का द्यायचे? त्यांना म्हटलं मालक, पाणी तर वापरता ना, सोलापुरात चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतो, त्या दिवशी मोटार किती तास चालते बघा. मग तयार झाले. शेवटी दहा जणांनी 25-25 हजार एकदम दिले, दोघांनी मेंटेनन्समधून हप्त्यानं द्यायचं ठरलं. दुसरं भांडण गच्चीचं. उन्हाळ्यात आमच्याकडं कुरडया, पापड, शेवया सगळं गच्चीवर, काकू लोकांनी स्पष्ट सांगितलं पॅनेल खाली टेकवलं तर सही देणार नाही. म्हणून स्ट्रक्चर आठ फूट उंच करून घेतलं, खर्च वाढला पण आता खाली सावली झाली, एप्रिलमध्ये संध्याकाळी तिथंच सतरंजी टाकून अर्धी अपार्टमेंट बसलेली असते. आधी दोन मजले सोडून कोण राहतं हे पण माहीत नव्हतं.

आता सर्व्हिस. बसवायचं काम चार दिवसांत, एकदम नीट, वायरिंग पाइपातून, अर्थिंग वेगळं, इथं पैकीच्या पैकी. पण तीन गोष्टी आधी सांगायला पाहिजे होत्या.

एक, सबसिडी. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घराला 3 किलोवॉटवर जास्तीत जास्त 78 हजार मिळतात, पण सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॉटमागं 18 हजार, म्हणजे आम्हाला 90 हजार. हे बरोबर सांगितलं. पण कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर आहे हे अर्ज अडकल्यावर कळलं! नाव बदलून घेण्यात दोन महिने गेले. तोवर पॅनेल वर अन् नेट मीटर (घेतलेली अन् परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) नाही, नुसती शोभा.

दोन, लाईट गेली की सोलर पण बंद. हो, भर दुपारी ऊन असताना सुद्धा. बॅटरी नसलेली सिस्टीम ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली असते, डांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा डबा) आपोआप थांबतो. कारण योग्य आहे हो, पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये अडकले अन् आतनं मला शिव्या, सोलर हाय म्हनला होतास ना बे!

तीन, सोलापूरचं ऊन. सेल्सवाला म्हणाला मे मध्ये मीटर उलटं पळेल. तसं काही होत नाही. पॅनेलला उजेड पाहिजे, ताप नको, 25 डिग्रीच्या वर सेल जसा तापतो तशी वीज थोडी थोडी घटत जाते अन् आपल्याकडं बाहेरच 43 असतं. आमचे सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चमधले, रोजचे 22-23 युनिट. सरासरी 20 धरा, पावसाळ्यात ढग असले की 10-12.

तरी हिशोब जमतो. आधी कॉमन बिल 7 हजाराच्या आसपास यायचं, आता चार-पाचशे, तो स्थिर आकार चुकत नाही. जास्तीचे युनिट पुढच्या बिलात जमा होतात. मेंटेनन्स फ्लॅटमागं 500 नी कमी केला, हप्तेवाल्या दोघांचा मात्र जुनाच चालू आहे, पैसे फिटेपर्यंत. फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या 1320 मेगावॉटच्या वीज केंद्रापुढं आमचे 5 किलोवॉट म्हणजे चिल्लर, पण लिफ्ट आमची आम्ही चालवतो.

पॅनेल धुणं आमच्याकडं, दर पंधरा दिवसांनी पोरं आळीपाळीनं पुसतात, पाणी आलेल्या दिवशीच, सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

तीन स्टार देतोय. पॅनेलखाली कबुतरांनी घरं केलीत, जाळी मारून देतो म्हणून चार महिने झाले, फोन केला की उद्या. जाळी लागली की चौथा स्टार देईन.