थ्रिलर प्रिमाइसचं वीकेंड वर्कशॉप: शनिवार पैसा वसूल, रविवार वाया

पुण्यात मागच्या महिन्यात सायकॉलॉजिकल थ्रिलरचा प्रिमाइस (म्हणजे गोष्टीचा एका ओळीतला मूळ पेच) कसा बांधायचा यावरचं शनिवार-रविवारचं वर्कशॉप केलं, नाव मुद्दाम देत नाही कारण बरं-वाईट दोन्ही लिहायचंय. फी साडेतीन हजार, चहा-वडापाव धरून.

शनिवार खरंच भारी होता. सरांनी आल्या आल्या सगळ्यांचे ट्विस्ट बाजूला ठेवायला लावले, म्हणाले ट्विस्ट नंतर बघू, आधी तुमचा माणूस कशात अडकलाय ते एका वाक्यात सांगा. उदाहरण अंधाधुनचं (२०१८, आपल्या पुण्यातच घडतो): आंधळ्याचं सोंग घेतलेल्या पियानोवाल्याला समोर प्रेत दिसतं, बोलला तर सोंग उघडं पडणार आणि गप्प बसला तर खुनी मोकळा. बास, पुढची सगळी पळापळ त्यातनंच निघते. मग १९४४ चा हॉलिवूडचा गॅसलाइट सिनेमा. नवरा माळ्यावर चोरून गॅसचे दिवे लावतो म्हणून खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंद होतो, आणि शिवाय तोच तिला पटवत असतो की तुझंच डोकं ठिकाणावर नाही. म्हणजे खेळ मनाचा असला तरी पुरावा डोळ्याला दिसणारा पाहिजे, नुसती वाईट स्वप्नं दाखवून भागत नाही, हे मला जाम पटलं.

माझ्या शेजारच्या काकूंची लाइन अशी: इन्शुरन्स क्लेम तपासणाऱ्या बाईला एका मयताच्या फाइलवर स्वतःचीच सही सापडते आणि अपघातानंतर तिला काही आठवत नसतं. सर म्हणाले ते विसरणं काढून टाका, ती लेखकाची सोय झाली. आता तिला सगळं लख्ख आठवतंय, सही तिची नाहीच, पण नवरा म्हणतो तुझीच, अक्षरतज्ज्ञ पण म्हणतो तुझीच. मान्य केलं तर जेल, नाकारलं तर वेड्यात काढणार. सगळा वर्ग "बाप रे" म्हणाला आणि काकू चहा सोडून वहीत लिहीत बसल्या.

रविवारी एक पाहुणे लेखक आले आणि अर्धा दिवस ओटीटीमध्ये आपली कोणाकोणाशी ओळख आहे तेच ऐकवत बसले. एकाने आयडिया चोरली तर काय असं विचारलं तेवढंच कामाचं निघालं: नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद केसमध्ये सांगितलंय, हक्क मांडणीवर असतो, त्यामुळे एका ओळीवर न थांबता नीट सिनॉप्सिस (कथेचा सारांश) लिहा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करा, मगच कोणाला दाखवा.

जाहिरातीत प्रत्येकाला पर्सनल फीडबॅक म्हणून लिहिलं होतं, प्रत्यक्षात निम्म्या लोकांचा नंबरच लागला नाही, मेलवर देतो म्हणाले तो मेल अजून येतोय.

५ पैकी ३. फक्त शनिवारची बॅच काढली तर डोळे झाकून जा. पूर्ण स्क्रीनप्ले शिकायचा असेल तर नका जाऊ, डायलॉग-स्ट्रक्चर काही होत नाही. आणि पार्किंग अजिबात नाही, रिक्षानेच जा.