बर्डीत चार हजारांना फसलो : जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला जोडताना

धाकट्या बहिणीच्या लग्नाचे चित्रीकरण आमच्याकडे तीन डीव्हीडींवर आहे. वडील गेल्यापासून आई ते वारंवार लावते, कारण त्यांचा आवाज आता तेवढ्यातच ऐकायला मिळतो. दिवाळीत नवा टीव्ही आला, पण जुना प्लेअर त्याला कसा जोडावा हे कळेना, म्हणून मी नागपूरच्या सीताबर्डीतील एका दुकानात गेलो.

प्लेअरच्या मागच्या बाजूचा फोटो मी मोबाइलवर दाखवला. पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल सॉकेटांच्या शेजारी हिरवे, निळे आणि आणखी एक लाल अशी तीन सॉकेटे त्यात स्पष्ट दिसत होती. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारे एचडीएमआय सॉकेट मात्र नव्हते. “भाऊ, या रंगीत वायरी आता कोणत्याच टीव्हीला चालत नाहीत,” असे ठामपणे सांगून दुकानदाराने रंगीत वायरींचा सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारा 1,400 रुपयांचा कन्व्हर्टर आणि 2,600 रुपयांची सोनेरी पिनांची एचडीएमआय केबल काढली. कन्व्हर्टरवरचे 720 आणि 1080 असे लिहिलेले बटन सरकवले की डीव्हीडी ‘फुल एचडी’ होते, असेही तो म्हणाला. पक्के बिल मागितल्यावर जीएसटी वेगळा लागेल असे सांगून त्याने कोऱ्या चिठ्ठीवर 4,000 हा आकडा लिहून दिला, आणि मी रोख पैसे मोजले.

घरी शालूचा लाल रंग काठाबाहेर पसरून बहिणीच्या मनगटावर उतरत होता आणि जरीच्या कडेने बारीक ठिपके सारखे वळवळत होते. “आधीच्या टीव्हीवर बरं दिसायचं रे,” आई म्हणाली.

महालातील टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी कारण दाखवले. पिवळ्या वायरीतून उजेडाचा आणि रंगाचा सिग्नल एकत्र मिसळून येतो, तो पुन्हा वेगळा करताना रंग सांडतो. कॉम्पोनंटच्या हिरव्या, निळ्या आणि लाल वायरी मात्र हे सिग्नल पहिल्यापासून वेगळे ठेवतात. कन्व्हर्टर पिवळ्या सॉकेटातलाच मिसळलेला सिग्नल घेत होता, त्यामुळे पुढची केबल कितीही महाग असली तरी बिघडलेले चित्र तिला सुधारता येणार नव्हते. आपल्याकडच्या ‘पाल’ (PAL) या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र 720 बाय 576 बिंदूंचेच असते. 1080 चे बटन तेच बिंदू ताणते, नवा तपशील आणत नाही. सोन्याचा मुलामा पिन गंजू देत नाही, एवढेच. प्लेअरला एचडीएमआय असेल, तर सहा फुटांची साधी, धड केबलही चित्र जसेच्या तसे पोहोचवते.

टीव्हीच्या खोक्यात न उघडलेल्या पिशवीत कॉम्पोनंटची आखूड जोडवायर पडून होती. काकांनी दीडशे रुपयांच्या वायरी लावल्या, दोन लाल पिनांपैकी आवाजाची कोणती आणि चित्राची कोणती हे दाखवले, आणि प्लेअरच्या मेनूत व्हिडिओ आउटपुट कॉम्पोनंटवर आणले. मनगटावरचा लाल रंग गेला, हिरवा चुडा वेगळा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने माल परत घ्यायला साफ नकार दिला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, हे मला नंतर कळले. तक्रारीला जोडायला आज माझ्याकडे फक्त ती चिठ्ठी आहे. तिच्यावर दुकानाचे नावसुद्धा नाही.