कारच्या टायरच्या ट्रेडसाठी कार्बन ब्लॅक की सिलिका?

ट्रेड म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा थर. त्याचं कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, ठरवताना बरेच जण फिलरचा (रबरात बळकटीसाठी मिसळायची पूड, इथे कार्बन ब्लॅक किंवा सिलिका) भाव आणि हार्डनेस बघून मोकळे होतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी दोन्ही कंपाउंडचा एकेक तुकडा रबर प्रोसेस ॲनालायझरमध्ये घाला. मशीनची एक डाय पुढे-मागे हलत रबराला पीळ देते. तापमान ६० अंश ठेवा आणि पीळ अर्ध्या टक्क्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत वाढवत न्या.

पिळासोबत मॉड्युलस (रबराचा ताठपणा) कसा बदलतो याचा आलेख बघा. नुसत्या रबराचा मॉड्युलस सुरुवातीला जवळपास सपाट राहतो. फिलर भरलेलं रबर मात्र थोड्याशा पिळातच ढिलं पडू लागतं. कणाला कण चिकटून तयार झालेली जाळी तुटते, पुन्हा जुळते, आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हाच पेन परिणाम. १९६० च्या दशकात ए. आर. पेन यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. धावत्या टायरमध्येही हेच चालू असतं, म्हणून ६० अंशांवरचा टॅन डेल्टा (ऊर्जा किती वाया जाते याचं माप) कमी असलेलं कंपाउंड इंधन वाचवतं.

ब्लॅकचं रबराशी आपसूक जमतं. सिलिकाचे कण रबरापेक्षा एकमेकांनाच धरून बसतात. सिलेनशिवाय (सिलिकाला रबराशी जोडणारं रसायन) सिलिका भरली तर आलेख उंचावर सुरू होऊन कड्यासारखा कोसळतो. सिलेन नीट लागलं की हा उतार बराच कमी होतो आणि टॅन डेल्टा ब्लॅकच्याही खाली जातो, शिवाय ओल्या रस्त्यावरची पकड टिकते. मिशेलिनने १९९२ मध्ये आणलेला ‘ग्रीन’ टायर याच जोरावर उभा राहिला.

खरी मेख मिक्सिंगमध्ये आहे. सिलेनची प्रक्रिया व्हायला बॅच साधारण १४० ते १५५ अंशांत काही मिनिटं धरून ठेवावी लागते. टेट्रासल्फाइड (गंधकाची साखळी असलेलं) सिलेन असेल आणि तापमान १६० च्या वर गेलं, तर गंधक सुटून माल मिक्सरमध्येच स्कॉर्च होऊ, म्हणजे वेळेआधीच पक्का होऊ लागतो. प्रक्रियेत सुटणाऱ्या इथेनॉलची वाफही बाहेर काढावी लागते. एकाच रेसिपीच्या दोन बॅच मी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत: दिसायला सारख्या, कापल्यावरही सारख्या. आलेखावर मात्र एकीची सुरुवात कितीतरी उंच, कारण ती मिक्सरमधून लवकर बाहेर काढली (डंप केली) होती. हार्डनेसच्या आकड्याने ही चूक नीट कळत नाही.

नैसर्गिक रबराचा ट्रक ट्रेड असेल तर ब्लॅकच घ्या. तापमान धरून ठेवणारा इंटर्नल मिक्सर नसेल, फक्त दोन रोलची मिल असेल, तर कारसाठीसुद्धा ब्लॅकच.