जॅझच्या ऑनलाइन रेडिओसाठी अझुराकास्ट: चोवीस तास राबतं, पण आधी वळण लावावं लागतं

स्वतःचं इंटरनेट रेडिओ स्टेशन उभं करायचं तर तीन कामं कुणीतरी अखंड करावी लागतात. पुढचं गाणं निवडणं, तो आवाज एन्कोड करत राहणं आणि एकाच वेळी ऐकणाऱ्या सगळ्यांपर्यंत प्रवाह पोचवणं. अझुराकास्ट ही तिन्ही कामं एका पॅकेजमध्ये बांधून देतं. निवड त्याचा स्वतःचा ऑटोडीजे करतो, वाजवणं आणि एन्कोडिंग लिक्विडसोपकडे असतं, वाटप आइसकास्टकडे. मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि आपल्याच सर्व्हरवर बसतं. अभिजात जॅझ, म्हणजे १९१७च्या पहिल्या तबकड्यांपासून साठच्या दशकापर्यंतचं संगीत, दिवसरात्र वाजवायला ते कितपत लायक आहे, एवढ्याच नजरेनं हे परीक्षण केलं आहे.

निकाल आधीच सांगतो: घ्यावं. मात्र मूळ सेटिंग्ज साडेतीन मिनिटांच्या, एकसारख्या जोराच्या गाण्यांसाठी बेतलेल्या आहेत. जॅझमध्ये तीन मिनिटांची तबकडी आणि वीस मिनिटांचं मैफलीतलं वादन शेजारी शेजारी येतात, शेवट हळूहळू विरतात आणि एकाच बँडची नावं पाच प्रकारे लिहिलेली असतात. सेटिंग्ज जशाच्या तशा ठेवल्या तर स्टेशन बंद पडणार नाही, पण जाणत्या कानाला पहिल्याच तासात खटकेल.

बसवण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. ६४ बिटचा लिनक्स सर्व्हर आणि त्यावर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त कप्प्यात चालवणारी प्रणाली). अधिकृत किमान गरज २ जीबी मेमरी आणि २० जीबी डिस्क अशी आहे. दोन-तीन माउंट (ऐकण्याचे वेगवेगळ्या दर्जाचे प्रवाह) आणि हजारो फाइल्स असतील तर ४ जीबी घ्या. इन्स्टॉल स्क्रिप्ट एकच आहे आणि ती सगळं करते. अडकायला होतं ते एकाच ठिकाणी: ८० आणि ४४३ हे पोर्ट (सर्व्हरची क्रमांकित दारं) दुसरी वेबसाइट वापरत असेल तर अझुराकास्ट उठत नाही. सर्व्हर त्यालाच वाहिलेला असावा. सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट आतूनच मिळतं, आणि प्रवाह ४४३ वरूनच देण्याचा पर्याय चालू केला की सुरक्षित पानातला प्लेअर ब्राउझर अडवत नाही. स्टेशनचा टाइमझोन यूटीसी असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. नाहीतर रात्रीचे बॅलड भर दुपारी लागतील.

फाइल्स ब्राउझरमधून चढवू नका. पाच हजार ट्रॅक, सरासरी पाच मिनिटं, फ्लॅकमध्ये (दर्जा न गमावणारा फाइल-प्रकार) मिनिटाला साधारण ५ एमबी धरले तर १२५ जीबी होतात. त्यासाठी एसएफटीपी (फाइल्स सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत) आहे, पोर्ट २०२२. संग्रह फ्लॅकमध्येच ठेवावा. एमपी३ वरून पुन्हा एमपी३ केलं की झांजा आणि ब्रशचा आवाज दोनदा चिरडला जातो.

आता खरा भाग, प्लेलिस्ट. प्रत्येक प्लेलिस्टला १ ते २५ असं वजन देता येतं, आणि ऑटोडीजे त्या वजनानुसार कुठल्या यादीतून उचलायचं ते ठरवतो. हे वजन ट्रॅकच्या संख्येला लागू होतं, वेळेला नाही. दहा इंची ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. १९४८ मध्ये लाँग-प्ले रेकॉर्ड आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक जागा मिळाली. वीसच्या दशकातल्या न्यू ऑर्लिन्स शैलीच्या यादीला आणि पन्नासच्या दशकातल्या हार्ड बॉप शैलीला सारखंच वजन दिलं, आणि त्यांची सरासरी अनुक्रमे तीन आणि सात मिनिटं असेल, तर तासातली १८ मिनिटं जुन्यांना आणि ४२ नव्यांना जातात. दोघांना अर्धा-अर्धा तास हवा असेल तर वजनं ७ आणि ३ द्यावी लागतात. स्टेशन ‘सगळ्या काळातलं जॅझ’ म्हणवतं पण ऐकायला नुसतं ब्लू नोट या लेबलच्या छापाचं वाटतं, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

वजन यादीच्या आकाराकडेही पाहत नाही. चाळीस ट्रॅकच्या यादीला चार हजारांच्या यादीइतकंच वजन दिलं तर ते चाळीस दिवसभर फिरत राहतील. क्रमासाठी ‘शफल्ड’ निवडा, ‘रँडम’ नको; शफल्डमध्ये यादी संपेपर्यंत तोच ट्रॅक परत येत नाही.

पुनरावृत्ती टाळण्याची सोय चांगली आहे, पण जॅझमध्ये ती अशा जागी फसते की कारण सापडेपर्यंत डोकं धरून बसावं लागतं. ठरावीक मिनिटांत, मुळात १२०, तोच कलाकार पुन्हा येऊ नये यासाठी ऑटोडीजे कलाकाराचा रकाना पाहतो. स्वल्पविराम, तिरकी रेघ, ‘फीट’ आणि & या चिन्हांपाशी तो नावाचे तुकडे पाडतो आणि तुकडे जुळवून बघतो. म्हणजे ‘ड्यूक एलिंग्टन & हिज ऑर्केस्ट्रा’ याचे दोन कलाकार झाले: ड्यूक एलिंग्टन, आणि ‘हिज ऑर्केस्ट्रा’. पुढे बेनी गुडमन & हिज ऑर्केस्ट्रा आले की ‘हिज ऑर्केस्ट्रा’ नुकतेच वाजले म्हणून ते बाद! त्यांच्यामागून काउंट बेसीही त्याच कारणानं बाद. स्विंगच्या यादीत ऑर्केस्ट्रा एकामागून एक अडतात आणि छोटे संच पुन्हा पुन्हा वर येतात.

उलट बाजूनं, चिन्हाऐवजी ‘अँड’ शब्द अक्षरांत लिहिलेला असेल तर नाव तुटत नाही, पण मग ‘ड्यूक एलिंग्टन’ आणि ‘ड्यूक एलिंग्टन अँड हिज ऑर्केस्ट्रा’ हे दोन वेगळे इसम ठरतात आणि लागोपाठ येऊ शकतात. उपाय एकच, पण नेटानं करायचा: कलाकाराच्या रकान्यात फक्त बँडप्रमुखाचं एक ठरलेलं नाव ठेवा, बँडचं पूर्ण नाव वेगळ्या रकान्यात न्या. मीडियाची सगळी माहिती सीएसव्ही फाइलमध्ये काढून, तिथे दुरुस्त करून परत भरता येते, त्यामुळे हजारो ओळींचं काम दोन-तीन बैठकांत उरकतं. त्याच वेळी सालाचा रकानाही तपासा. पुनःप्रकाशित सीडीवरून आलेल्या फाइलवर सीडीचं साल असतं. १९२८ चं ध्वनिमुद्रण १९९९ चं म्हणून दाखवणारं जॅझ स्टेशन ऐकणाऱ्याचा विश्वास लगेच गमावतं.

हे झाल्यावर अझुराकास्टची सर्वांत आवडलेली सोय वापरता येते, ती म्हणजे कस्टम फील्ड. ध्वनिमुद्रणाची तारीख, साथीदार, मूळ लेबल असे रकाने स्वतः तयार करायचे. काही रकाने फाइलच्या टॅगमधून आपोआप भरून घेता येतात. ‘आत्ता वाजतंय’च्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमनी माहिती उचलायची सोय) ते गाण्यासोबत बाहेर येतात, आणि वेबसाइटवर थोडा कोड लिहिला की ऐकणाऱ्याला ड्रमवर कोण आणि बासवर कोण हे वाजतानाच दिसतं. साध्या रेडिओ अ‍ॅपला मात्र कलाकार आणि शीर्षक एवढंच पोचतं, कारण प्रवाहातल्या माहितीत तेवढीच जागा असते. जॅझच्या श्रोत्याला साथीदारांची नावं हवीच असतात, आणि ही सोय नसती तर या पॅकेजची शिफारस इतक्या ठामपणे केली नसती.

स्टेशनची ओळख सांगणाऱ्या जिंगलचं एक दुखणं आहे. ‘तासातून एकदा’ हा प्रकार निवडून मिनिट शून्य दिलं की ती ठीक तासाला लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात ऑटोडीजे चालू गाणं तोडत नाही, आणि ठरलेल्या मिनिटानंतर १५ मिनिटांपर्यंतच जिंगलला संधी देतो. अठरा मिनिटांचं वादन ५८व्या मिनिटाला सुरू झालं तर ते पुढच्या तासाच्या १६व्या मिनिटाला संपतं. तोवर संधी गेलेली असते आणि त्या तासाला ओळख लागतच नाही. त्याऐवजी ‘दर अमुक मिनिटांनी एकदा’ हा प्रकार घ्या: जिंगल उशिरा लागेल, पण चुकणार नाही. चालू गाणं थांबवण्याचा पर्यायही आहे, पण सोलोच्या मध्यात जिंगल घुसवणं हा श्रोत्यावर अन्याय आहे. रांगेत पुढची तीन गाणी आधीच ठरलेली असतात हेही ध्यानात ठेवा. प्लेलिस्ट बदलल्यावर लगेच फरक दिसला नाही तर बिघाड समजू नका, रांग रिकामी करा.

क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरत असतानाच त्यावर पुढचं चढवणं, बंद करा. मुळात दोन सेकंदांचा असतो आणि नृत्यसंगीताला शोभतो. बॅलडच्या शेवटी पियानोचा सूर विरतो, झांजेची शेपटी खोलीत रेंगाळते, आणि तिच्यावर पुढच्या बिग बँडची ट्रम्पेट चढतात. गाणी मुळात थोडी शांतता ठेवून संपतात, तीच पुरे. फाइलच्या टोकाला दहा-दहा सेकंद टाळ्या किंवा निव्वळ शांतता असेल तर ट्रॅकच्या व्हिज्युअल एडिटरमध्ये क्यू-आउट (गाणं जिथे संपवायचं ती खूण) हातानं लावा. आपोआप शेवट ओळखणाऱ्या सोयींवर इथे फार विसंबू नये; हलक्या बास सोलोला त्या गाण्याचा शेवट समजू शकतात.

आवाजाची पातळी सारखी करायला रीप्लेगेन पुरतो. तो अख्ख्या ट्रॅकची पातळी एकाच प्रमाणात वर-खाली करतो, आतले चढउतार जसेच्या तसे राहतात. कंप्रेसर (मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणारा) आणि लिमिटरचे पर्याय आहेत, स्टीरिओ टूल हा ध्वनिप्रक्रियेचा प्रोग्रॅम जोडता येतो, पण जुन्या ध्वनिमुद्रणांवर कंप्रेसर चालवला की शांत जागी तबकडीची खरखर वर उसळते आणि वाद्य आलं की खाली दबते. असं श्वास घेणारं खरखरणं मूळच्या स्थिर खरखरीपेक्षा जास्त त्रास देतं.

७८ आरपीएमच्या फाइल्स चढवण्याआधी एक काम करून घ्या, कारण अझुराकास्ट ते करणार नाही. मूळ ध्वनिमुद्रण मोनो असलं तरी ते बहुधा स्टीरिओ पिकअपनं उतरवलेलं असतं, म्हणजे खाचेच्या दोन भिंतींचा कचरा दोन वेगळ्या चॅनलांत असतो. दोन्ही चॅनल मिळवून मोनो केलं की संगीत तसंच राहतं आणि असंबद्ध खरखर त्याच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलनं उतरते. हेडफोनवर फरक लगेच कळतो: कॉर्नेट मध्यभागी स्थिर, आणि कानांच्या दोन बाजूंना चालणारी चरचर गायब. एन्कोडरचे बिटही वाचतात.

बिटरेट. मूळचा माउंट १२८ केबीपीएस एमपी३चा असतो, तो १९२ करा. मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी दुसरा, एएसी या एन्कोडिंगचा माउंट द्या, पण ९६ च्या खाली जाऊ नका. ९६ पासून साधा एएसी वापरला जातो. त्याखाली अझुराकास्ट आपोआप एचई-एएसीच्या दुसऱ्या आवृत्तीवर जातं, जिथे वरच्या पट्टीतले सूर खरे नसतात, खालच्या पट्टीवरून रचलेले असतात. बोलण्याला चालतं. स्नेअरवर फिरणाऱ्या ब्रशचा आवाज मात्र ओल्या कागदासारखा येतो.

खर्चाचा हिशेब बँडविड्थवर करायचा. १२८ केबीपीएसला एक श्रोता तासाला ५७.६ एमबी घेतो, १९२ ला ८६.४. सरासरी शंभर जण सतत ऐकत असतील तर तीस दिवसांत १२८ वर सुमारे ४.१५ टीबी जातात. होस्टिंग निवडताना प्रोसेसरपेक्षा हा आकडा आधी पाहा.

हक्कांच्या बाबतीत सॉफ्टवेअर फक्त कागदपत्रांत मदत करतं. अमेरिकेतल्या वैधानिक परवान्यासाठी साउंडएक्स्चेंज या मानधन गोळा करणाऱ्या संस्थेसाठीचा अहवाल तयार करून मिळतो, पण त्या परवान्याच्या अटी पाळणं आपल्याकडेच राहतं: तीन तासांत एका अल्बममधले तीनपेक्षा जास्त ट्रॅक नकोत, एका कलाकाराचे किंवा एका बॉक्स सेटमधले चारपेक्षा जास्त नकोत. बॉक्स सेटवरून संग्रह भरणाऱ्यांनी ही अट वाचावीच. ‘इतकं जुनं म्हणजे मोकळं’ हा समजही धोक्याचा. युरोपीय संघात १९६३ पूर्वी प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेले आहेत, अमेरिकेत मात्र मोकळीक विसाच्या दशकापाशीच थांबते. शिवाय रचनेचा हक्क वेगळा. एलिंग्टन १९७४ मध्ये गेले, त्यामुळे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण देणाऱ्या देशांत त्यांच्या रचना २०४४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

थेट कार्यक्रमासाठी प्रत्येक निवेदकाला स्वतंत्र खातं मिळतं. ‘बट’ किंवा मिक्सससारख्या प्रोग्रॅमनं जोडता येतं. पहिल्या स्टेशनसाठी निवेदकाच्या जोडणीचा पोर्ट ८००५ असतो. बहुतेकांची जोडणी अडते ती ऐकण्याचा ८००० हाच पोर्ट टाकल्यामुळे.

उणिवा दोन. माउंट किंवा प्रसारणाच्या सेटिंग्ज बदलून स्टेशन पुन्हा सुरू केलं की सगळे श्रोते तुटतात. अपडेटच्या वेळीही तेच. म्हणून असे बदल साठवून, श्रोते सर्वांत कमी असतील तेव्हा एकदमच करा. दुसरी उणीव: वाजवायला काही सापडलं नाही की एक इंग्रजी सूचना ऐकू येते. तिच्या जागी स्वतःची फाइल चढवण्याची सोय आहे. तिथे एखादं लांबलचक, शांत पियानो सोलो ठेवावं.

बॅकअप आपोआप घेता येतो आणि त्यातून मीडिया वगळता येतो. तसंच करा, कारण फाइल्सची प्रत तुमच्याकडे असतेच. मोलाचं आहे ते वजनं, वेळापत्रक, क्यू आणि कस्टम फील्डचं काम. फक्त तो बॅकअप त्याच सर्व्हरच्या डिस्कवर पडून राहू देऊ नका.