आठ महिन्यांत पाच उड्डाणं: लुटुपुटीच्या हवाई लढाईचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात धाकट्या भावाच्या चाळिशीनिमित्त आम्ही दोघं दोन विमानांतून एकमेकांशी पहिल्यांदा लुटुपुटीची हवाई लढाई लढलो. एकदाच करायचं असं ठरलं होतं. मे संपेपर्यंत पाच उड्डाणं झाली. पहिल्याच उड्डाणानंतर लोक भरभरून लिहितात, ते खोटं नसतं, पण तेव्हा फक्त थरार कळलेला असतो. खेळ मला तिसऱ्या उड्डाणात कळायला लागला, म्हणून इतके महिने थांबून लिहितोय.

ठिकाण दक्षिण कॅलिफोर्नियातला एक छोटा विमानतळ. विमानं दोन, दोन्ही मार्केटी एसएफ-260. मूळची इटालियन, पहिलं उड्डाण 1964 चं. बऱ्याच देशांच्या हवाई दलांनी आपले वैमानिक यावर तयार केले. इंजिन 260 हॉर्सपॉवरचं, नावातला आकडा तिथूनच आला. खुर्च्या शेजारी-शेजारी आणि डोक्यावर पूर्ण पारदर्शक छत. एका खुर्चीत निवृत्त लष्करी वैमानिक, दुसरीत आपण. लायसन्स लागत नाही. उड्डाण आणि उतरणं त्यांचं, मधल्या काळात स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, आपल्या हातात. मी हे विचारून खात्री करून घेतली होती, कारण नुसतं बसून फिरण्यात मला रस नव्हता.

आधी तासभर ब्रीफिंग असतं. ते कंटाळवाणं म्हणून अर्धं ऐकू नका. दोन तळहात म्हणजे दोन विमानं, एवढ्यावर प्रशिक्षक सगळं शिकवतात. दोन विमानांत कायम 500 फुटांचं अंतर, एकमेकांच्या समोरून पार झालो की ‘फाइट्स ऑन’, आणि कुणालाही काहीही खटकलं की ‘नॉक इट ऑफ’. हे शब्द मीही उच्चारू शकतो आणि उच्चारले की दोन्ही विमानं त्या क्षणी लढत सोडतात. अमेरिकेत हवाई कसरतींना जमिनीपासून किमान 1500 फूट उंची लागते. आमच्यासाठी त्याहून वर, 3000 फुटांवर जमीन आहे असं मानायचं ठरलं होतं. त्याखाली गेलात की हरलात. सोबत प्रवासी असताना 60 अंशांहून जास्त कलायचं तर पॅराशूट बांधणं तिथल्या नियमाने सक्तीचं, म्हणून ते पाठीवर येतं. गोळ्या अर्थातच नाहीत. नेम बसवून स्टिकवरचा घोडा दाबला की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नोंद घेते आणि समोरच्याच्या शेपटामागून पांढरा धूर निघतो.

आम्ही येवल्याचे. संक्रांतीचे तीन दिवस गच्चीवर पतंग उडवत काढलेली पोरं. पहिल्या दोन उड्डाणांत मी नुसती खेच मारत होतो: भाऊ दिसला की स्टिक पोटाशी ओढायची आणि त्याच्या दिशेने वळायचं. दर वेळी वेग जायचा, विमान थरथरायचं आणि तो आरामात माझ्या मागे यायचा. तिसऱ्या वेळी प्रशिक्षक म्हणाले, त्याच्या वर्तुळात घुसू नकोस, वर जा. नाक वर केलं, जादा वेग उंचीत साठवला, वरून त्याच्याकडे बघत वळलो आणि खाली आलो तर तो बरोबर समोर. याला हाय यो-यो म्हणतात. माझ्या मनात मात्र आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, गरगरली. समोरचा खेचतोय म्हणून आपणही खेचायचं नाही, ढील द्यायची, हे आम्हाला दहाव्या वर्षीच माहीत होतं. इथे मांजाच्या जागी वेग आणि उंची आहे, इतकंच. वेग दुप्पट आणि वळताना शरीरावर येणारा ताण तेवढाच असेल तर वळणाचं वर्तुळ चौपट मोठं होतं, त्यामुळे जोरात असलेला जिंकेलच असं नाही.

पण सगळ्यात अवघड काय विचाराल तर बघत राहणं. प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा समोर नसतोच. डोक्यावर असतो, खांद्यामागे असतो. मान पूर्ण मागे टाकून छतातून त्याला धरून ठेवायचं आणि त्याच वेळी हाताने विमान वळवायचं. चौथ्या उड्डाणात मी अर्धा सेकंद वेगाच्या काट्याकडे पाहिलं, परत वर पाहिलं तर आकाश रिकामं. रेडिओवर भावाचा आवाज आला, ‘दादा, मागे बघ.’ तोवर आमच्या शेपटातून धूर निघालेला.

आता शरीराचं. सपाट वळणात 60 अंश कलल्यावर दोन जी, म्हणजे दुप्पट वजन. आम्ही चारपर्यंत जातो. माझं 72 किलोचं शरीर तेव्हा 288 किलोचं, आणि हेडसेटसकट डोकंही चौपट. कडेने रंग उडायला लागतात, सगळं करडं होतं. त्यावर उपाय शिकवतात: मांड्या आणि पोट दगडासारखं आवळायचं, श्वास धरायचा आणि दर तीनेक सेकंदांनी झटकन बदलायचा. पहिल्या वेळी दुसऱ्या लढतीनंतर मला उलटी झाली. उपाशी गेलो होतो, ती चूक. आता दोन तास आधी पोळी-भाजी खातो आणि लढतींच्या मधल्या वेळात क्षितिजावर नजर ठेवतो; पुन्हा त्रास झाला नाही. मान मात्र दोन दिवस दुखतेच. रक्तदाब, हृदय किंवा मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. घरी जॉयस्टिक लावून सिम्युलेटरवर सराव करतो. त्याने हालचालींचा क्रम पाठ होतो, पण मानेची तयारी त्यात होत नाही.

एक तक्रार आहे. तिसऱ्या उड्डाणाचं, म्हणजे ज्यात मला पहिल्यांदा जमलं त्याचंच, रेकॉर्डिंग झालं नाही. पैसे परत मिळाले, पण मला पैसे नको होते. उतरल्यावर व्हिडिओ लावून चूक नेमकी कुठे झाली ते बघणं हा निम्मा शिकण्याचा भाग आहे. तुम्ही जाल तेव्हा कॅमेरा सुरू असल्याची खात्री स्वतः करा.

खर्च एका उड्डाणाला हजार डॉलरच्या वर जातो, आणि त्यात पाच-सहा लढती होतात. एकदाच जायचं असेल तर तो मला जास्त वाटतो. तीनदा जाण्याची ऐपत आणि इच्छा असेल तर जरूर जा, आणि ज्याची खोड तुम्हाला माहीत आहे अशा माणसासोबत जा. माझा भाऊ पहिलं वळण कायम डावीकडे घेतो. गच्चीवरही पतंग तो डावीकडेच झुकवायचा. सहावं उड्डाण ऑगस्टमध्ये आहे, आणि त्याची ही खोड मी त्याला अजून सांगितलेली नाही.