बाल्डर्स गेट ३, चौदा महिन्यांनंतर: खलनायक मेल्यावर काय उरते

चौदा महिन्यांत तीन डाव शेवटपर्यंत खेळून झाले आहेत आणि चौथा अर्ध्याहून पुढे गेला आहे. घड्याळ साडेतीनशे तासांच्या आसपास दाखवते. ऑगस्ट २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम आला, त्याच आठवड्यात मी तो घेतला. पुढे डिसेंबरात त्याला द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. त्याची पाळीपाळीने चालणारी लढाई, फासे आणि पात्रांचे अभिनय यांविषयी इतके लिहून झाले आहे की त्यात मी भर घालण्याचे कारण नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की लॅरिअन स्टुडिओज या बेल्जियन कंपनीने आपल्या खलनायकांचे काय केले आणि एवढी लांबलचक कथा संपवली कशी. पुढे सगळी रहस्ये उघड केली आहेत. ज्यांना खेळायचे आहे त्यांनी इथेच थांबलेले बरे.

कथा थोडक्यात अशी. तुमच्या डोक्यात माइंड फ्लेअर नावाच्या प्राण्याची अळी शिरली आहे आणि ती कधीही तुमचे रूपांतर त्याच प्राण्यात करील. यामागे तीन माणसे आहेत: केथेरिक थॉर्म, एन्व्हर गॉर्टाश आणि ओरिन. तिघे तीन दुष्ट देवांचे निवडलेले सेवक असून एका महाकाय मेंदूला जादूच्या मुकुटाने बांधून ते नवा देव उभा करीत आहेत. पहिल्या अंकात यांपैकी कोणीही धडपणे दिसत नाही. पंचवीस-तीस तास तुम्ही केवळ खालच्या हुद्द्यांच्या लोकांशी झगडत राहता, आणि मला हा संयम आवडला.

केथेरिक हा या खेळाने घडवलेला सर्वांत चांगला खलनायक आहे, आणि त्याचे श्रेय जे. के. सिमन्स यांच्या आवाजाइतकेच त्याच्या कबरस्तानाला आहे. दुसऱ्या अंकातील शापित, काळोख्या प्रदेशात थॉर्म घराण्याची एक समाधी लागते. आत भिंतीवर चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्राखाली एक कळ आहे. वैभवाकडून शोकाकडे आणि शोकाकडून दुष्कीर्तीकडे, या क्रमाने कळा दाबल्या की पुढचा दरवाजा उघडतो. म्हणजे पुढे जायचे असेल तर शत्रूचे आयुष्य तुम्हाला योग्य क्रमाने समजून घ्यावेच लागते. पहिल्या डावात मी घाईने उलटसुलट कळा दाबल्या आणि मग निमूटपणे मागे येऊन चित्रे नीट पाहिली. एका चित्रात त्याचा मनोरा आहे, एकात दुःख आहे आणि एकात सेनापती. जवळच त्याच्या मुलीची, इसोबेलची कबर आहे, आणि ती रिकामी आहे.

हा माणूस आधी चंद्रदेवी सेलूनेचा भक्त होता. बायको गेली, मग मुलगी गेली, तेव्हा दुःख विसरायला लावणाऱ्या शार देवीकडे तो वळला. आणि शेवटी मृत्यूचा देव मिर्कुल याने मुलगी परत देऊ केली, तेव्हा त्याचा झाला. मनोऱ्याच्या माथ्यावरचा प्रसंग चालू असताना आई शेजारी मेथी निवडत बसली होती. तिने विचारले, ‘हा कोण गं?’ मी वरची हकिकत सांगितली. ती म्हणाली, ‘मुलगी परत मिळाली ना त्याला? मग आता कशाला एवढा जीव जाळतोय?’ मी म्हटले, ‘ती त्याच्याकडे यायला तयार नाही.’ इसोबेल खरोखरच शत्रूच्या गोटात, एका सरायीत राहून आपल्या देवीच्या प्रकाशाने लोकांचे रक्षण करीत असते आणि बाप तिला पळवून आणण्यासाठी माणसे पाठवत असतो. आईचा हात क्षणभर थांबला. ‘मग बरोबर आहे,’ एवढेच ती बोलली आणि पुढची जुडी घेतली. केथेरिकविषयी याहून नेमके मला काही सुचलेले नाही.

त्याचा शेवटही तसाच सांभाळला आहे. योग्य शब्द सापडले आणि फासा अनुकूल पडला तर तो हत्यार टाकतो आणि स्वतःहून मरण पत्करतो. पण त्याच्या देवाला त्याचे शरीर हवेच असते, त्यामुळे मिर्कुल त्याच्यातून उठतो आणि लढाई चुकत नाही. काहींना हे फसवणुकीसारखे वाटले. मला वाटले नाही. ज्याने स्वतःला तारण ठेवून मुलगी सोडवून आणली, त्याचा पश्चात्ताप खरा असला तरी गहाणखत रद्द होत नसते.

गॉर्टाशची गोष्ट निराळी. तिसऱ्या अंकाच्या तोंडाशीच त्याचा आर्चड्यूक म्हणून समारंभ होतो आणि तुम्ही तिथे पाहुणे असता. तो हात पुढे करतो, सौदा मांडतो, नम्रपणे बोलतो. शहरभर त्याचे लोखंडी पहारेकरी फिरत असतात आणि लोक त्याला दुवा देत असतात. एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष लढाई मात्र सापळ्यांनी भरलेल्या एका दालनात पंधरा-वीस मिनिटांत संपते. सौदा पाळून त्याच्यासोबत मेंदूपर्यंत गेलात तर मेंदूच त्याला संपवून टाकतो. खलनायक म्हणून त्याचा हिशेब इतका किरकोळ ठेवलेला आहे.

मात्र तो मेल्यावर जे घडते त्यासाठी मी हा खेळ तीनदा खेळले. कार्लॅक ही तुमची सोबतीण. गॉर्टाशने विश्वासघात करून तिला नरकाच्या सरदारणीला विकले आणि तिथे तिचे हृदय काढून जागी धगधगते इंजिन बसवण्यात आले, जे या जगात फार दिवस टिकणार नाही. दहा वर्षे तिने या एका माणसाच्या मरणाची वाट पाहिली आहे. तो मरतो, ती त्याच्या प्रेताकडे पाहते, आणि मग तिला कळते की काहीच बदललेले नाही. इंजिन तसेच आहे, दिवस तितकेच उरले आहेत. ती ओरडते, रडते, मला मरायचे नाही म्हणते, आणि तुमच्यासमोर उत्तरांचे जे पर्याय येतात त्यांपैकी एकही पुरेसा नसतो. पहिल्या वेळी मी कोणताही पर्याय न निवडता बराच वेळ नुसती बसून होते.

अस्टॅरिअन या रक्तपिपासू सोबत्याच्या बाबतीतही हेच. दोनशे वर्षे त्याला गुलाम करून छळणारा रक्तपिपासू कॅझाडोर हा अगदी साचेबद्ध दुष्ट आहे; त्याची वाक्ये आठवत नाहीत. आठवतो तो अस्टॅरिअन, जो सुरा चालवतच राहतो, शत्रू केव्हाच मेला आहे हे कळूनही थांबत नाही, आणि मग गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा रडतो. या लेखकांना खलनायकाचा मृत्यू हा प्रसंगाचा मध्य वाटतो, शेवट नव्हे. इतर अनेक खेळांत शेवटचा वार बसला की विजयाचे संगीत सुरू होते आणि लुटीची यादी उघडते. इथेही यादी उघडते, पण तिच्याकडे लगेच हात जात नाही.

ओरिनविषयी मात्र माझी तक्रार होती आणि ती निम्मी शिल्लक आहे. रूप बदलणारी ही खुनी बाई तुमच्या तळावरच्या कोणाच्या तरी रूपात वावरते आणि एका सोबत्याला पळवून नेते. पहिल्यांदा हे घडते तेव्हा दचकायला होते. पण पहिल्या दोन्ही डावांत ती मला रक्ताची आवड असलेली एक वेडसर बाई याहून अधिक काही वाटली नाही. तिचे दुःख तिच्या खोलीत आईच्या मृतदेहाच्या रूपात ठेवलेले आहे आणि मंत्राने त्या मृतदेहाशी बोलता येते. पण हे शोधणारे खेळाडू किती असतील?

तिसऱ्या डावात मी ‘डार्क अर्ज’ हे पात्र घेतले. या पात्राची स्मृती गेलेली असते आणि खून करण्याची ऊर्मी त्याच्या रक्तात असते. पहिल्या डावात अल्फिरा नावाच्या गायिकेला मी कड्यावर बसून तिचे अडलेले गाणे पुरे करायला मदत केली होती. या डावात ती रात्री तळावर आश्रयाला आली, आणि सकाळी जाग आली तेव्हा माझे हात रक्ताने माखलेले होते. फासा टाकण्याची संधीसुद्धा मिळाली नाही. पुढे उलगडते की गॉर्टाशबरोबर हा सगळा कट मुळात तुम्हीच रचला होता आणि ओरिनने तुम्हाला बाजूला सारून तुमची जागा बळकावली. आता तीच ओरिन वारसाहक्कासाठी भांडणारी भाऊबंद वाटते. गॉर्टाश जुन्या भागीदाराच्या जिव्हाळ्याने बोलतो आणि तो जिव्हाळा ऐकवत नाही. माझे स्पष्ट मत असे की तिन्ही खलनायक एकत्र बसवून लिहिले गेले ते याच पात्रासाठी, आणि इतर पात्रे घेणाऱ्यांच्या वाट्याला त्या कथेची कडेची बाजू येते. तरीही नवख्याने हे पात्र पहिल्या डावात घेऊ नये, असेच मी सांगेन, कारण अल्फिराचे गाणे आधी ऐकलेले असावे लागते.

आता एम्परर. हा माइंड फ्लेअर स्वप्नात येऊन तुमचे रक्षण करतो आणि तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्याचे खरे रूप कळते. एका मद्यशाळेखाली त्याचा जुना अड्डा आहे. तिथे तो माणूस होता तेव्हाच्या वस्तू आहेत: कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा, आईच्या हातच्या सूपची कृती. त्या पाहून जीव हळवा होतो. पण त्याला डिवचले तर तो स्वतःच दाखवून देतो की जिला तो आपली सहकारी म्हणत होता, त्या स्टेलमेन नावाच्या बाईला त्याने कठपुतळीसारखे वापरले होते. पट्टाही खरा आणि कठपुतळीही खरी. याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मला तीन डावांनंतरही ठरवता आलेले नाही आणि खेळानेही ते माझ्यासाठी ठरवले नाही.

म्हणूनच शेवटी त्याच्याशी केलेला अन्याय खटकतो. तुम्ही बंदिवान राजपुत्र ऑर्फियसला सोडवायचे ठरवलेत, की एम्परर त्याच क्षणी उठून मेंदूच्या बाजूला जाऊन मिळतो. ज्याने स्वातंत्र्यासाठी आपल्या सर्वांत जवळच्या मित्राचाही जीव घेतला, तो त्याच मेंदूची गुलामी दोन वाक्यांत स्वीकारतो. भीतीने असे होऊ शकते, हे मान्य. पण ती भीती दाखवायला एक प्रसंग हवा होता. इथे फक्त शत्रूंच्या यादीत एक नाव वाढते.

मेंदूविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, आणि हाच शेवटचा दोष आहे. ज्याला काही गमवायचे नाही आणि ज्याचे काही हरवलेले नाही, त्याच्याविरुद्धची शेवटची लढाई भव्य असूनही मनाला लागत नाही. जमवलेले मित्र एकेक करून मदतीला येतात, तेवढा भाग छान आहे. याबाबत द विचर ३ या दुसऱ्या खेळाची आठवण होते. त्यातील एरेडिन हा मुख्य शत्रूही असाच पोकळ होता. पण नायकाने मुलीसारखी वाढवलेल्या सिरीचे काय होणार हे त्याच्याशी होणाऱ्या लढाईवर अवलंबून नव्हते. ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळलात की नाही, अशा लहान प्रसंगांवर होते. तिथे शेवट पुष्कळ आधी, तुमच्या नकळत ठरत असे. इथे शेवटचे मोठे निर्णय अखेरच्या तासात समोर मांडले जातात आणि तुम्ही सेव्ह करून एकामागून एक सगळे पाहू शकता. मीही तेच केले, आणि त्यामुळे प्रत्येकाचे वजन थोडे कमी झाले.

समारोपाच्या बाबतीत मात्र मी नशिबाने मागे पडले. माझा पहिला डाव २०२३ च्या भाऊबीजेच्या रात्री संपला. तेव्हाचा शेवट असा होता: धक्क्यावर उभे असताना अस्टॅरिअन उन्हाने भाजत पळून गेला, कार्लॅक माझ्यासमोर जळून गेली, बाकीच्यांनी दोन-दोन वाक्यांत निरोप घेतला आणि श्रेयनामावली सुरू झाली. एकशे दहा तासांच्या सोबतीनंतर हे म्हणजे पाहुण्यांना हात धुवायला न देता पानावरून उठवण्यासारखे होते. पंधरा दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, पाचवा पॅच, म्हणजे खेळातील सुधारणांचा हप्ता, आला आणि त्यात सहा महिन्यांनंतरचे संमेलन होते. तळावर पुन्हा शेकोटी, सगळे सोबती आणि वाटेत भेटलेल्या लोकांची पत्रे. दुसऱ्या डावात कार्लॅक विल या दुसऱ्या सोबत्याबरोबर नरकात परतली होती, आणि संमेलनात आली तेव्हा तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच पुढच्या वर्षाचा विषय होता. त्या रात्री मी दीड तास फक्त गप्पा मारल्या. सप्टेंबर २०२४ च्या सातव्या पॅचने दुष्ट मार्गाच्या शेवटांनाही प्रत्येक पात्राप्रमाणे नवी दृश्ये दिली. आधी मेंदू ताब्यात घेणाऱ्याच्या नशिबी एक त्रोटक दृश्य असे. ही भर विनामूल्य मिळाली, याबद्दल कंपनीचे कौतुकच आहे. पण पहिल्या आठवड्यात पूर्ण किंमत मोजणाऱ्याला अपुरा शेवट मिळाला, हेही नोंदवून ठेवते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. खेळाला दीडशे जीबी जागा आणि एसएसडी ही वेगवान डिस्क लागते. सुरुवातीच्या महिन्यांत माझ्या मध्यम ताकदीच्या संगणकावर तिसऱ्या अंकातील गजबजलेले शहर अडखळत चाले. आता पुष्कळ सुधारले आहे. मराठी सोडाच, कोणत्याही भारतीय भाषेत मजकूर नाही, आणि ओरिनची काव्यमय इंग्रजी बोली उपशीर्षके वाचूनही मला कित्येकदा दोनदा ऐकावी लागली.

चौथ्या डावात मी दुष्टपणा करायचे ठरवले होते. तो बेत पहिल्याच अंकात मोडला. सध्या माझा सेव्ह गॉर्टाशच्या दालनाबाहेर आहे. कार्लॅक बरोबर आहे आणि जिन्यावर चढताना ती मजेत काहीतरी बडबडत होती. तीन आठवडे झाले, मी तो दरवाजा उघडलेला नाही. शहरातली उरलीसुरली किरकोळ कामे आधी उरकून घेत आहे.